दिली, घेतली

१

हे लिहायला मला म्हातारीने बसवलंय. तिला डॉक्टरने पढवलं. तो डॉक्टर माझ्या पोरीपेक्षा लहान. मला म्हणतो, "आजोबा, मनात कुढू नका. बोलवत नसेल तर लिहून काढा, हलकं वाटेल." हलकं वाटायला मी काय डोक्यावर पोतं घेऊन फिरतोय? मी चौथीत शाळा सोडली ती माझ्या आणि मास्तरांच्या, दोघांच्या भल्यासाठी. मला आकडे येतात, सही येते आणि शिव्या येतात. एवढ्यावर जन्म निघाला. पण आज सकाळी म्हातारीने चहाचा कप माझा हात पोचणार नाही असा ठेवला आणि म्हणाली, "लिहा. नाहीतर यापुढचा चहा बाहेर प्या."

म्हणून लिहितोय. कुणी मध्ये तोंड घालू नये.

मी मालाच्या यार्डात कामाला. रिटायर होऊन जमाना झाला, पण कंत्राटावर ठेवलंय. आमच्याकडे लष्कराचा माल येतो. जहाजातून रेल्वेत, रेल्वेतून आमच्या यार्डात. आम्ही तो ट्रकवर चढवतो. ट्रक विमानतळावर जातात, विमान डोंगराच्या पायथ्याला उतरतं, आणि तिथून पुढे रस्ताच नाही. खेचरं. खेचरांच्या पाठीवरून माल वरच्या चौकीत. जहाजापासून खेचरापर्यंत एक पेटी किती जणांच्या हातून जाते बघा. जितके हात तितक्या सबबी.

म्हणून प्रत्येक पेटीला बिल्ला असतो. तळहाताएवढा, त्याला एक हिरवा डोळा, सारखा लुकलुकणारा. पेटी कुठे आहे ते त्या बिल्ल्यावरून ऑफिसातल्या पडद्यावर हिरवा ठिपका होऊन दिसतं. पडद्यासमोर बसतात त्या बाईंना सगळे ठिपकेबाई म्हणतात. मला तोंडावर काका म्हणतात, मागे खडूस. माझे कान अजून बरे आहेत. पेटी पुढे गेली की मी हातातल्या यंत्राने तिच्या बिल्ल्यावर नेम धरायचा. यंत्र पीं करतं. त्याला आम्ही बंदूक म्हणतो.

पण बंदुका यायच्या आधीपासूनची आमची एक रीत आहे. देणाऱ्याने पेटीवर हात ठेवायचा, दोनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "दिली." घेणाऱ्याने हात ठेवायचा, एकदा ठोकायचं आणि म्हणायचं, "घेतली." तो एक ठोका पडला की पेटी देणाऱ्याच्या मानेवरून उतरली. मग ती फुटो, बुडो, जळो, ज्याने घेतली त्याने निस्तरावी. ठोका पडेपर्यंत मात्र ती तुझी. मेलास तरी तुझी.

२

जावई मला याच रीतीने भेटला. लष्करात सामानाच्या खात्यात होता, एकदा माल ताब्यात घ्यायला यार्डात आला. कोवळा पोरगा, कडक इस्त्री, सहीसाठी पेन काढून तयार.

मी म्हटलं, "सही मागाहून. आधी हात लाव."

"कशाला काका? पेट्या दिसतायत की समोर."

"दिसतं ते सगळं असतं होय रे?"

सगळ्या पेट्यांवर ठोकायला लावलं त्याला. तळहात लाल झाला, पण गडी कुरकुरला नाही. मला आवडला. चहाला घरी आणला. तीच माझी चूक, कारण चहा पोरीने आणला.

लग्नानंतर पोरगी निघाली तेव्हा तिची ट्रंक गाडीत चढवताना मी सवयीने दोनदा ठोकलं. "दिली" म्हणायचं राहूनच गेलं. जावई वाकला आणि त्याने ट्रंकेवर एकदा ठोकलं. "घेतली, मामा. काळजी सोडा." सगळे हसले. मी नाक शिंकरायला भिंतीआड गेलो.

पुढे त्याची बदली वरच्या चौकीवर झाली, वर आलेला माल ताब्यात घ्यायच्या कामावर. पोरगी आमच्याकडे राहायला आली. तो जमेल तेव्हा फोन करायचा. आधी बायकोशी, मग म्हणायचा, "आता आमच्या साहेबांना द्या." साहेब म्हणजे मी.

"काय जावईबापू, खेचरं काय म्हणतात?"

"तुम्हाला नमस्कार सांगतात, मामा. म्हणतात, आमच्यापेक्षा हट्टी कुणी आहे ऐकून बरं वाटलं."

असं आमचं चालायचं. थंडी सुरू झाली तेव्हाच्या एका फोनवर मात्र तो हसला नाही.

"मामा, शेगड्या आल्यात, धुराचे नळ आले नाहीत."

वरच्या चौकीत खोल्या बिळासारख्या, वारा आत येऊ नये म्हणून सगळीकडून बंद. तसल्या खोलीत शेगडी पेटवायची तर तिचा धूर नळाने बाहेर काढावा लागतो. नळ नसेल तर धूर खोलीतच कोंडतो. आणि त्या शेगडीच्या धुरातलं जे वाईट असतं ते दिसत नाही, त्याला वास नाही. माणूस उबेत झोपतो तो झोपतोच.

"पेटवली नाहीस ना?"

"तेवढी अक्कल आहे हो. नळ बसल्याशिवाय काडी लावणार नाही. पण माझी पोरं गारठलीत. ग्लासातलं पाणी बघता बघता घट्ट होतंय. नळांची पेटी तुमच्या यार्डातून येणार आहे, तेवढं बघा."

"बघतो. मी दिली म्हटलं की आली समज."

३

नळांची पेटी आली. माणसाच्या उंचीहून जरा लांब, लाकडी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. कडेला वजनाचा आकडा रंगवलेला, कडीला यार्डाचं सील, मीच लावलेलं.

नियम असा की पेटी ट्रकवर चढल्यावर बंदूक मारायची. पण ट्रकच्या पोटात शिरून एकेका पेटीचा बिल्ला शोधायचा म्हणजे गुडघ्यांचा जीव जातो. म्हणून आम्ही सगळेच पेट्या शेडमध्ये रांगेत असतानाच मारतो. पीं, पीं, पीं, चालले पुढे. त्या दिवशी आमचे साहेब गळ्यातली शिट्टी सारखी फुंकत होते. विमान थांबणार नाही, आटपा. त्यांना सगळे शिट्टीसाहेबच म्हणतात. मी रांगेवरून बंदूक मारत गेलो, नळांच्या पेटीवर दोनदा ठोकलं आणि ओरडलो, "दिली!"

ट्रकवाला इंजिन चालू करून वर बसला होता. त्याने खाली उतरायला हवं होतं. त्याने खिडकीतून हात काढला, आपल्याच दारावर एकदा थाप मारली आणि म्हणाला, "घेतली!"

मी ऐकलं. मला दिसलं. एरवी मी त्याला खाली ओढला असता. पण शिट्टी वाजत होती. मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये ताडपत्री घ्यायला गेलो. शेड पत्र्याचं आहे. खिळ्यांच्या भोकांतून ऊन येतं आणि जमिनीवर पांढरे ठिपके पडतात. ताडपत्री ओढली, तर खाली नळांची पेटी. ट्रकवर चढवायची राहिलेली. सील जसंच्या तसं. बिल्ल्याचा हिरवा डोळा लुकलुकतोय.

ऑफिसात गेलो. ठिपकेबाईंना म्हटलं, "एक पेटी राहिलीय. परत नोंद करा."

बाईंनी आकडा विचारला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही? ही तर विमानतळावर पोचली, काका. त्यांनी घेतल्याची खूणसुद्धा आलीय."

"बाई, ती शेडमध्ये आहे. मी आत्ता बघितली."

"दुसरी असेल. सगळ्या सारख्याच दिसतात."

परत गेलो, बिल्ल्यावरचा आकडा बोट ठेवून वाचला, परत आलो. तोच. आता शिट्टीसाहेब तिथे उभे.

"काका, विमानतळवाले घेतली म्हणतायत, मशीन घेतली म्हणतंय. तुम्हालाच का वाटतंय नाही म्हणून?"

"साहेब, नुसतं चालून या माझ्याबरोबर. पन्नास पावलं पण नाहीत."

ते आले नाहीत. टेबलावरची एक फाईल त्यांनी सरळ केली. "तुमच्या कंत्राटाचे कागद आलेत सहीला. तुमचं वय झालं अशी शंका माझ्या मनात आणू नका."

मी शेडमध्ये गेलो आणि ताडपत्री परत ओढली. बस. एवढंच केलं. ताडपत्री ओढणं हा काय गुन्हा आहे? पेटीला धूळ लागू नये म्हणूनही माणूस ओढतो.

४

मग मी ठिपका बघायला लागलो. काही ना काही निमित्ताने ऑफिसात जायचो. ठिपकेबाई म्हणायच्या, "काका, पडद्याची गोडी लागली की काय?" मी म्हणायचो, "पंखा बराय तुमचा."

मनाशी म्हणत होतो, कुठेतरी कुणीतरी म्हणेल की, अरे, एक पेटी कमी आहे. मग आपोआप बोभाटा होईल आणि माझं नाव न येता पेटी जाईल. माझ्यासारखे आळशी सगळीकडे असतील, रांगेवर बंदूक मारून मोकळे होणारे, हे मला कळतं. पण ठिपका विमानतळावरून हलला. पडद्यावर निळ्या रेघेने चालला.

त्या दुपारी मी शेडमध्ये जाऊन पेटीवर हात ठेवला. पत्रा नुसता तापला होता, माझ्या मानेवरून घाम निथळत होता. पेटी गार. सावलीतलं लाकूड गार लागतं तसं नाही. माठासारखी गार, मग त्याहून, हात चिकटेल इतकी. मी हात काढून घेतला आणि शर्टाला पुसला. म्हटलं, शेवटी लोखंडाच्या नळांची पेटी, लोखंड गारच. ऑफिसात जाऊन विचारलं तर बाई म्हणाल्या, "उडतंय की विमान. बर्फावरून चाललंय."

ठिपका पायथ्याला पोचला. घेतली. खेचरांवर चढला. घेतली.

खेचरांच्या वाटेवर ठिपका फार हळू सरकतो. मी शेडच्या दारात बसून राहायचो. आणि आतून आवाज यायचा. नळावर नळ. ठण, आणि जरा थांबून ठण. मालगाडी आली की आमचं यार्ड हादरतं, पेट्या वाजतात, मला ते नवीन नाही. पण रूळ मोकळे होते. आणि गाडीने हादरलेलं सामान एकदम थरथरतं, असं चालत नाही. हे चालत होतं. चढावर पाय टाकावा, दम खावा, परत पाय टाकावा, तसं.

कान वाजतात म्हाताऱ्या माणसाचे. मी स्वतःला हेच सांगितलं.

त्याच दिवशी जावयाचा फोन आला. पोरगी भाजी चिरत होती, हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"मामा, इथे आणखी दोघांची बोटं काळी पडलीत. खरं सांगा. नळ निघालेत?"

आता इथे मला म्हणायचं होतं की नाही निघाले. पेटी माझ्या शेडमध्ये आहे, मी तिच्यावर ताडपत्री टाकलीय. शब्द जिभेवर होते, खोटं सांगत नाही. पण पोरगी बघत होती. कंत्राटाला दोनच दिवस आधी सही झाली होती. आणि पडद्यावर ठिपका खरोखर चढत होता, तो मी डोळ्यांनी बघून आलो होतो. यंत्रापुढे मी कोण, चौथी नापास?

मी म्हटलं, "दिली."

"बस! मग आलीच," तो म्हणाला. किती मोकळा झाला होता त्याचा आवाज.

५

ठिपका चौकीत पोचला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"घेतली, मामा! अगदी तुमच्या रीतीने. हात ठेवला, एकदा ठोकलं."

"कशावर ठोकलंस?"

"म्हणजे काय? पेटीवर."

"उघडलीस? नळ स्वतः बघितलेस?"

वाऱ्याचा आवाज येत होता. "इथे वादळ आहे मामा, हात पुढे केला तर दिसत नाही. पोरांनी बसवले असतील. तुम्ही दिली म्हणालात ना? मग झालं. शेगडी पेटलीय. काय ऊब आहे म्हणून सांगू! डोकं तेवढं जरा जड आहे सकाळपासून. पण पोरं कशी मेल्यासारखी झोपलीत."

"अरे ऐक..."

"बाबा, द्या ना मला," म्हणत पोरीने फोन घेतला. माझ्याकडे पाठ करून हसत बोलत राहिली. तिच्या हातातून फोन हिसकावता आला असता. माझ्या हातात तेवढी ताकद आहे. तिचं बोलून होईपर्यंत थांबतो म्हटलं, आणि तिचं बोलून होईपर्यंत फोन कटला.

मग मी सारखा लावत बसलो. लागेना. म्हातारी म्हणाली, "जावयाशी एवढं काय गुळपीठ? कालच बोललात ना?"

शेडमध्ये गेलो. पेटी ऊबदार होती. अंथरुणातून माणूस नुकताच उठून जावा आणि गादीवर हात ठेवावा, तशी. मी तिला कान लावला नाही. लावायला हवा होता का? मला नाही वाटलं लावावा.

बऱ्याच दिवसांनी फोन लागला. आवाज त्याचाच, पण जवळून आल्यासारखा, लाकडाला तोंड लावून बोलावं तसा.

मी एका दमात म्हटलं, "शेगडी विझव. आत्ताच्या आत्ता विझव. नळ आलेले नाहीत."

"कुठली शेगडी, मामा?"

"अरे, जिने ऊब..."

"आम्हाला आता थंडी वाजत नाही," तो म्हणाला. "रजा मिळालीय. घरी येतोय."

६

आमच्याकडे रिकाम्या पेट्या परत येतात. लाकूड चांगलं असतं, पुन्हा भरतात. म्हणून बिल्ला तसाच ठेवायचा असतो.

ठिपकेबाई मला हाक मारून म्हणाल्या, "काका, तुमची लाडकी परत निघाली बरं का."

ठिपका खेचरांच्या वाटेने उतरायला लागला. पोरीने घर डोक्यावर घेतलं. पडदे धुतले, केस धुतले, नवरा येणार. "पायथ्याला पोचलेत हो, बाबा!" मी पडदा बघून आलेला असायचो. मला माहीत असायचं. "विमान मिळालं!" तेही मला माहीत असायचं. तो आणि ठिपका एकाच वाटेने, एकाच चालीने. आता लष्कराचा माणूस लष्कराच्या विमानातूनच येणार, त्यात काय विशेष, हे मला कळतं. मी काही खुळा नाही.

तो यायच्या दुपारी मी यार्डातच होतो. जेवणाची सुट्टी, सगळे खाणावळीत. पडद्यावर ठिपका विमानतळाच्या रस्त्याने आला, वळला, यार्डाच्या चौकोनात शिरला, आणि जिथे आमचं शेड आहे तिथे येऊन थांबला. बाई डबा खाता खाता म्हणाल्या, "आली बघा. ट्रक तर आला नाही अजून, हो ना?"

मी बाहेर आलो. यार्डाचं लोखंडी फाटक लावलेलं होतं. पलीकडे जावई उभा. खांद्यावर पिशवी. तीच कडक इस्त्री. एवढा प्रवास करून आलेला माणूस आणि इस्त्री मोडलेली नाही, हे मला तेव्हा दिसलं, पण मनाने घेतलं नाही. माझा ऊर भरून आला होता. जिवंत आहे. वाचला. ताडपत्री, फोन, सगळं धुऊन निघालं.

त्याने फाटकावर हात ठेवला आणि दोनदा ठोकलं.

दोनदा देणारा ठोकतो.

माझा हात सवयीचा. जन्मभर दोन ऐकले की एक. मी विचार केला नाही, शपथेवर सांगतो, केला नाही. हात उचलला, फाटकावर टेकवला, आणि एकदा ठोकलं.

"घेतली," मी म्हटलं.

तेव्हा तो हसला.

७

आमच्या घरी वेताची एक खुर्ची आहे. त्या खुर्चीत मांजर बसलं तरी ती कुरकुरते. म्हातारी म्हणते, ही खुर्ची तुमच्या गोत्रातली. जावई तिच्यात बसतो. उठतो. खुर्ची गप्प.

तो चहा पितो, कप रिकामा होतो. पोरीशी हळू बोलतो. पोरगी स्वयंपाकघरात गाणं म्हणते, लग्नाआधी म्हणायची तसं. रजा संपत नाही, आणि कुणी ती संपायची कधी असं विचारत नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "काय जावईबापू, खेचरं काय म्हणतात?"

म्हणाला, "बरी आहेत."

एवढंच. टोमणा नाही, टपली नाही. मला रडूच आलं असतं.

मी एकदा पोरीला बाजूला घेतलं. "तुला हा... तसाच वाटतो का ग?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की बघू नये बापाकडे कुणी. "त्या चौकीवरच्या बाकीच्यांची काही खबर नाही, बाबा. त्यांच्या घरचे रोज फोन करतात इथे, यांना विचारायला. माझा माणूस तेवढा घरी आलाय. तुम्हाला बघवत नाही का?"

मी चपला घातल्या आणि यार्डात गेलो.

मनात हिशेब एकच होता. पेटी उघडायची. रिकामी निघाली तर नळ गेले, कसे का असेना, गेले. ठोके खरे, जावई खरा, मी म्हातारा चळलो. आणि भरलेली निघाली तर नळ गेलेच नाहीत. मग खुर्चीत बसतो तो कोण?

उघडायची हिंमत नव्हती. म्हणून वजन करायचं ठरवलं. न उघडता कळेल. दुपारच्या सुट्टीत फोर्कलिफ्ट घेतली, ताडपत्री काढली, पेटी उचलून वजनकाट्यावर ठेवली. रिकामी असेल तर काटा थोडक्यात थांबेल. भरलेली असेल तर कडेला रंगवलेल्या आकड्यावर थांबेल. तिसरं काही होण्यासारखंच नाही.

काटा रंगवलेल्या आकड्यावर आला. आणि पुढे गेला.

फोर्कलिफ्टचे दात बाजूला केलेत का बघितलं. पेटीवर काही पडलंय का बघितलं. काटा रिकामा करून, शून्यावर आणून परत ठेवली. तेच. नळ भरून जेवढं वजन, त्यावर आणखी. किती आणखी? मला आकडे येतात हे मी आधी लिहिलंय. एका जवान माणसाचं होतं तेवढं.

सील तसंच. माझ्याच हातचं.

८

परवा दुपारी मी शेडमध्ये पडलेला सापडलो म्हणून डॉक्टर झाला, डॉक्टर झाला म्हणून हे लिखाण झालं. उन्हाने चक्कर आली असं मी सांगितलं. आता खरं काय ते लिहितो, म्हातारे, म्हणजे चहा जागेवर ठेवशील.

मी पेटीजवळ बसलो होतो. सील तोडायची पक्कड खिशात होती. जमिनीवर उन्हाचे ठिपके पडले होते, त्यांच्यात तो एक हिरवा. मी म्हटलं, एकदा रीतसर करू. त्या दिवशी घाईत केलं, आज नीट करू. पेटीवर तळहात ठेवला. लाकूड माणसासारखं कोमट. दोनदा ठोकलं.

"दिली," मी म्हटलं.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बाहेर पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती, ती थांबली.

आतून एकदा ठोकलं गेलं. माझ्या तळहाताच्या बरोब्बर खाली. हळू, लाजल्यासारखं, ट्रंकेवर ठोकलं होतं तसं. फळीला एक चीर आहे. तिच्यातून मला कापडाची एक कड दिसली. इस्त्री नव्हती त्याला. चुरगळलेलं होतं, घामाचं, काजळी लागलेलं, खऱ्या माणसाच्या अंगावरचं असतं तसं.

त्यापुढचं मला आठवत नाही.

तेव्हापासून पक्कड उशीखाली आहे. घरात वेताच्या खुर्चीत तो बसलाय, त्याला मीच घेतलंय, फाटकावर ठोकून. दोन्हीकडे माझाच हात आहे. मी न देता "दिली" म्हणालो, हे मी कबूल करतो. लिहिलं. वाचा सगळ्यांनी. पण रीतीला दोन हात लागतात. मी त्याला पहिल्याच दिवशी, तळहात लाल होईपर्यंत शिकवलं होतं की दिसतं ते सगळं नसतं, आधी हात लाव. वादळ होतं म्हणे. मामा म्हणाले म्हणे. समोर काही नसताना "घेतली" म्हणायला त्याला कुणी सांगितलं होतं? म्हाताऱ्याच्या शब्दावर एवढा भरवसा ठेवतं का कुणी?

त्याने एवढं म्हणावं की, मामा, चुकलो, बघून घ्यायला हवं होतं. मग मी सील तोडतो. उद्याही जाईन मी दुपारी, पेटीपाशी बसेन, वाट बघेन. तो काही बोलत नाही. मी बसलो की एकदा ठोकतो फक्त.

माफी मागायची राहिलीय ती त्याने. खुर्चीतल्या त्या पाहुण्याने नाही. माझ्या जावयाने.